थंड तव्यावरचा ब्रेक

पुतण्याची गाडी पोलो जीटी. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली, मूळची १०५ अश्वशक्तीची. त्यातही याने इंजिनाच्या संगणकात फेरफार करून घेऊन ती आणखी चपळ केलेली. गेल्या दिवाळीनंतर तो मित्रांना घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होता. निम्म्या वाटेवर गाडीत जळका वास येऊ लागला. चारपाच वळणांनंतर ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पाय दाबला तर जणू ओल्या स्पंजवर. पहिल्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठाकठीक.

घरी आल्यावर त्याने तिप्पट पैसे मोजून शर्यतीच्या गाड्यांसाठीचे लाल रंगाचे ब्रेक पॅड मागवले. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तासाभरात बसवूनही झाले. पुढच्याच आठवड्यात, डिसेंबरच्या थंडीत सकाळी साडेसहाला तो सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडला. वळणावर दूधवाल्याची मोटरसायकल आडवी आली. याने ब्रेक मारला आणि गाडी आपली चाललीच आहे! हातभर अंतर राखून थांबली, एवढंच नशीब.

“काका, तिप्पट पैसे देऊन ब्रेक कमी कसा झाला?” त्याचा फोनवरचा पहिला प्रश्न हा.

घाटातला आणि गेटसमोरचा, हे दोन्ही प्रसंग उलट टोकांचे वाटतात. एकात ब्रेक फार तापले, दुसऱ्यात तापलेच नाहीत. पण दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, उष्णतेत.

ब्रेक म्हणजे चूल

ब्रेक गाडी ‘थांबवतो’ हे बोलायला ठीक आहे. तो खरं तर गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसकट १३०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल, तर तिच्या अंगात सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर गार पाणी उकळीला येतं. तुम्ही सिग्नलला ब्रेक मारता तेव्हा चारपाच सेकंदांत एवढी उष्णता चाकांमागच्या लोखंडात जाते. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलोच्या धरल्या आणि पुढच्या चाकांवर सत्तर टक्के भार धरला, तर एका थांब्यात त्या सत्तर-ऐंशी अंशांनी तापतात. त्या निवायच्या आत दुसरा ब्रेक मारला, की आणखी तितक्या.

आता घाट घ्या. महाबळेश्वर ते पोलादपूर बाराशे मीटरच्या आसपासचा उतार. त्याच गाडीच्या बाबतीत हे दीड कोटी ज्यूल होतात, म्हणजे शंभरच्या वेगावरून तीस वेळा थांबण्याइतके. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर पंचेचाळीस लिटर, आजोळच्या तांब्याच्या बंबाएवढं पाणी उकळेल. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. इंजिनही बराच खातं, पण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तरच. पुतण्याने ठेवली होती वरच्या गिअरमध्ये. आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे ट्रकवाले तर सगळाच बंब ब्रेकवर चढवतात.

ही उष्णता हवेत टाकायची म्हणून तर ड्रम जाऊन डिस्क आली. ड्रममध्ये घर्षण होतं ते झाकण लावलेल्या डब्याच्या आत. डिस्क उघड्यावर फिरते. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. पण त्याचा खरा डंका वाजला १९५३ मध्ये, जेव्हा फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जग्वारने जिंकली. बाकीच्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते, तिथे जग्वारचे चालक वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक मारत होते.

चामडं, बूट आणि मसाला

डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो तो पॅड. पाठीला पोलादी पट्टी आणि पोटाला दहा-बारा मिलिमीटर जाडीचा काळपट थर, एवढाच त्याचा संसार. पण तो थर म्हणजे काय, हा सव्वाशेहून जास्त वर्षांचा शोध आहे. १८८८ मध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने घोडागाडीवाले ब्रेकखाली जुना बूट अडकवतात हे पाहिलं आणि त्यातून घर्षणाच्या वस्तूंचा धंदा उभा केला. नंतर कित्येक वर्षं ॲस्बेस्टॉसने राज्य केलं. फुप्फुसांचे आजार होतात हे कळल्यावर ते चांगल्या उत्पादकांनी सोडलं.

आजच्या पॅडची रेसिपी गोड्या मसाल्यासारखी असते. प्रत्येक घरची वेगळी आणि बाहेर न सांगण्याची. बांधून ठेवायला राळ, आकार टिकवायला तंतू, घासायला कठीण कण, घसरण सांभाळायला ग्रॅफाइट, आणि जागा भरायला स्वस्तातली भुकटी. धातू कमी आणि सेंद्रिय तंतू जास्त असले तर ‘ऑरगॅनिक’ पॅड: मऊ, शांत, रोजच्या वापराला उत्तम, पण फार तापवलं तर हार मानणारा. पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी भरपूर घातली की ‘सेमी-मेटॅलिक’: उष्णतेला दणकट, पण डिस्क जास्त खाणारा आणि आवाज करणारा. ‘सिरॅमिक’ नावाने मिळतो त्यात सिरॅमिकचे तंतू असतात. तो शांत असतो आणि अलॉय चाकं काळी करत नाही. नाव ऐकून लोकांना तो अवकाशयानाचा वाटतो, पण बाजारातले बहुतेक सिरॅमिक पॅड घरगुती वापरासाठीच केलेले असतात.

सहाण आणि तवा

पॅड डिस्कला धरून ठेवतो तो दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा सहाणेची. चंदनाचं खोड सहाणेवर उगाळताना खोड झिजतं आणि हाताला विरोध जाणवतो. पॅडमधले कठीण कण डिस्कवर असेच खरवडतात. हे घर्षण थंडीतही मिळतं. घरगुती पॅड थंड असताना बरेचसे याच जोरावर चालतात, म्हणून सकाळच्या पहिल्या ब्रेकलाही ते पकडतात.

दुसरी तऱ्हा तव्याची. डिस्क असते बिडाची, तुमच्या घरातल्या घावनाच्या तव्याच्याच जातीची. नवीन बिडाच्या तव्यावर पहिलं घावन काढायला गेलात तर त्याचे तुकडे निघतात. तेल लावून, तापवून, निववून, पुन्हा तापवून त्यावर एक काळा थर बसला की मग तो तवा कामाचा. डिस्कचंही तसंच. पॅड तापला की त्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो. नंतर ब्रेक मारताना पॅड लोखंडावर घासत नाही, आपल्याच पदार्थाच्या थराला चिकटतो आणि सुटतो, चिकटतो आणि सुटतो. शर्यतीचे पॅड मुख्यतः या तऱ्हेवर विसंबतात. आणि चिकटायला उष्णता लागते. थंड तव्यावर भाकरी टाकलीत तर ती ओली पडून राहील, तसा थंड शर्यती पॅड डिस्कवरून नुसता सरकतो.

ढोबळ मानाने सांगायचं तर, रस्त्यावरचा चांगला पॅड पहिल्या ब्रेकपासून तीनचारशे अंशांपर्यंत कामाला येतो. ट्रॅकसाठीचा पॅड एकदोनशे अंशांनंतर जागा होतो आणि सहाशे-सातशेपर्यंत तग धरतो. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर दर मिनिटाला चारदोनदा करकचून ब्रेक मारणाऱ्यांसाठी तो वरदान आहे, कारण तिथे डिस्क कधी थंड होतच नाही. पुण्यात सकाळी बारा अंशांना गेटमधून निघणाऱ्याच्या पायाखाली तो झोपलेला असतो. पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

> चौकट: पॅडच्या पाठीवरची अक्षरं
>
> पॅडच्या पट्टीवर किंवा कडेला आकड्यांच्या शेवटी बहुधा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ‘एफएफ’, ‘ईएफ’ किंवा ‘जीजी’ अशी. ती घर्षणाचा गुणांक सांगतात, म्हणजे दर किलो दाबाला किती किलोची पकड मिळते ते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर मध्यम तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ‘एफई’ असेल तर समजा, तापल्यावर पकड उतरते. मात्र ही चाचणी पॅडच्या इंचभर तुकड्यावर यंत्रात होते. झीज, आवाज आणि बोचऱ्या थंडीतली पकड यांतलं काहीही ही अक्षरं सांगत नाहीत.

पॅडल खाली का गेलं?

आता उरला घाट. तिथे दोन वेगवेगळे बिघाड होऊ शकतात आणि ते ओळखायला पायाची संवेदना पुरते.

पॅडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड हरला. त्यातली राळ जळून वायू सुटतो, तो पॅड आणि डिस्क यांच्यात सापडतो, आणि पकड जाते. तो जळका वास याचाच.

पण पॅडल मऊ होऊन खाली गेलं, तर गुन्हेगार पॅड नव्हे, ब्रेक ऑइल. आपण ज्याला ऑइल म्हणतो ते तेल नसतंच. तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे आणि हवेतली वाफ शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं पाझरतं तसा. ताजं ‘डॉट ४’ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. चारशे अंशांवर तापलेल्या डिस्कला खेटून बसलेल्या, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये १५५ अंश काही फार नव्हेत. ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. एका सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंडावर बोट दाबून दट्ट्या दाबा: तो जागचा हलणार नाही. तीच सिरिंज हवेने भरून दाबा. पुतण्याच्या पायाखाली तेच झालं. अर्ध्या तासाने वाफेचं पुन्हा पाणी झालं, म्हणून ‘ब्रेक ठाकठीक’.

त्या गाडीतलं ऑइल शेवटचं कधी बदललं, असं मी विचारलं. पलीकडे शांतता. चार पावसाळे तेच ऑइल होतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी त्याने पॅड आणले त्यातलं मोठं दुखणं चार-पाचशे रुपयांच्या बाटलीत बरं होणार होतं. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलून सगळ्या चाकांच्या ब्रेकमधली हवा काढावी. घाटात राहणाऱ्यांनी आणि कोकणच्या दमट हवेतल्यांनी तर यात कुचराई करूच नये.

मग घ्यायचे कोणते?

आधी एक गैरसमज. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगाने करकचून ब्रेक मारून पाहा. पॅडल पायाखाली थरथरलं, म्हणजे एबीएस जागं झालं, तर ब्रेकमध्ये टायरला पेलवेल त्याहून जास्त जोर आधीच आहे. त्या एका थांब्यासाठी जगातला कुठलाही महाग पॅड तुम्हाला हातभरसुद्धा अलीकडे थांबवणार नाही. ते काम टायरचं. महाग पॅडचा उपयोग होतो तो दहाव्या, पंधराव्या, विसाव्या थांब्याला, पहिल्यासारखाच ब्रेक लागावा म्हणून.

म्हणून पॅड निवडताना मी गाडीची अश्वशक्ती विचारत नाही, मालकाचा आठवडा विचारतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीची रांग आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी, असा असेल तर कंपनीचे मूळ पॅड किंवा त्यांच्या तोडीचे. युरोपात विकल्या जाणाऱ्या पर्यायी पॅडना ‘आर ९०’ नावाचा नियम आहे: मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांपेक्षा इकडेतिकडे सरकायचं नाही. खोक्यावर त्याची खूण असेल तर निम्मी काळजी मिटली. गाडीची ताकद वाढवलीय आणि वळणांचा नाद आहे, असा असेल तर ‘फास्ट रोड’ म्हणून मिळणारे मधले पॅड. ते थंडीतही पकडतात आणि घाटही पेलतात, थोडी धूळ आणि थोडी कुरकुर सोसायची. पूर्ण शर्यतीचे पॅड ट्रॅकवर नेऊन चढवायचे आणि तिथेच उतरवायचे.

पोलोसारख्या पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या गाडीत आणखी एक मेख आहे. पुढे फारच जहाल पॅड घातले आणि मागे तसंच ठेवलं, तर सगळा भार पुढच्या टायरवर येतो. मागचे ब्रेक नुसते पाहुणे होतात.

आणि खोटा माल! खोकं हुबेहूब, आत काय भरलंय देव जाणे. ब्रेकच्या बाबतीत घासाघीस करून मिळालेली अर्धी किंमत मला आनंद देत नाही, धडकी भरवते.

चाक उतरवल्यावर

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या पार्किंगमध्ये गाडी घेतली. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली स्टँड.

चाक निघालं. कॅलिपरच्या मागच्या रबरी टोप्या काढल्या की आत ॲलन कीने फिरणाऱ्या दोन पिना. त्या निघाल्या की कॅलिपर हातात येतो. इथे बहुतेक गॅरेजांत तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवतात. आम्ही तो तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगला. नळी आतून फुटली तर बाहेरून दिसतही नाही.

लाल पॅड बाहेर आले आणि पुतण्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर समोर आलं. पॅडचा पृष्ठभाग अजून कारखान्यातून आल्यासारखा, फक्त मधोमध चकाकणारा पट्टा. डिस्कवर जुन्या पॅडचा निळसर-करडा थर तसाच. म्हणजे हे पॅड नुसते लावले होते, तापवून डिस्कवर त्यांचा थर कुणी बसवून घेतलाच नव्हता. दुसऱ्याच्या तव्यावर, तोही थंड.

डिस्कच्या कडेला तिची किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजली, पण झिजलेल्या डिस्कच्या काठाला उंचवटा राहतो, तो सोडून आत. जाडी पुरेशी होती. बारीक पॉलिश पेपरने जुना थर काढला, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसली. आसपासची धूळ हवेच्या पाइपने उडवायचा मोह मिस्त्रींना फार असतो. ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने टिपावी.

पॅड ज्या खाचेत सरकतो ती खाच तारेच्या ब्रशने घासली. तिथे गंज राहिला तर पॅड अडकतो, एकाच बाजूने झिजतो, आणि मालक पॅडच्या कंपनीला शिव्या देतो. पिनांना ग्रीस लावायचं की नाही हे कॅलिपरवर अवलंबून आहे. काही कोरड्याच चालतात, काहींना सिलिकॉन ग्रीस लागतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये.

लाल पॅडच्या जागी ‘फास्ट रोड’चे पॅड घालायचे होते. नवे पॅड जाड, म्हणून कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून क्लॅम्पने, सावकाश. तेव्हा बॉनेटखालच्या टाकीत ऑइल वर येतं. ते सांडलं तर गाडीचा रंग उतरतो, म्हणून पुतण्याला फडकं घेऊन तिथे उभं केलं. आतल्या बाजूच्या पॅडची स्प्रिंग पिस्टनच्या पोटात टिकदिशी बसली. पॅडच्या पाठीवरची पातळ पत्र्याची पट्टी, शिम, काढून फेकू नये. खडू फळ्यावर किंचाळतो तसा पॅड डिस्कवर थरथरून किंचाळतो. शिम ती थरथर गिळते.

चाक चढवलं, बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळले. मग नवीन ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पुतण्या चावी फिरवून निघणार, तेवढ्यात मी त्याचा खांदा धरला. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पॅडल थेट तळाला जातं. उभ्या गाडीत ते कडक होईपर्यंत पंप करायचं. त्याने दाबलं. एक, दोन, तीन, आणि चौथ्यांदा पाय अडला. पार्किंगमधली समोरची भिंत आमच्यापासून सहा फुटांवर होती.

तवा तयार करताना

दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर नव्या, मधल्या जातीच्या पॅडचा थर डिस्कवर बसवून घेतला. साठवरून दहापर्यंत मध्यम दाबाने, आठदहा वेळा. मग ऐंशीवरून, जरा जोरात, पाचसहा वेळा. प्रत्येक पॅडच्या कागदावर आकडे थोडे वेगळे असतात, त्याच्या मतानं जावं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड उभ्या डिस्कवर दाबून धरला तर तेवढ्याच जागी त्याचा जाड ठसा उमटतो. मग दर फेऱ्याला ती जागा पॅडखाली आली की स्टिअरिंग थरथरतं, आणि आपण म्हणतो ‘डिस्क बेंड झाली’. अमेरिकन रेसिंग इंजिनियर कॅरोल स्मिथ यांनी लिहून ठेवलंय की, त्यांनी तपासलेली प्रत्येक ‘वाकडी डिस्क’ खरं तर अशीच विषम थर बसलेली निघाली. आपल्याकडे ती लेथवर जाते.

सहाव्या थांब्याला किंचित वास आला. नव्या पॅडमधली राळ पहिल्यांदा तापली की तो येतोच. नंतर दहा मिनिटं ब्रेकला पाय न लावता गाडी फिरवून निववली. उतरून चाकाच्या फटीतून पाहिलं, तर डिस्कवर सारख्या रंगाचा राखाडी थर धरला होता, कडेपासून कडेपर्यंत.

लाल पॅडना गिऱ्हाईक मिळालं नाही. सध्या ते वहिनींकडे आहेत. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्यांचं प्लास्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार ठेवलेत. एप्रिलच्या उन्हात गच्चीची फरशी पायाला चटका देते. पॅडच्या हिशेबाने अजून थंडीच आहे.